जक्कव्वाचा तळहात

माझी वहिनी जक्कव्वा बांगड्या भरायची. नदीकाठच्या आमच्या गावापासून कंचिहाळपर्यंत जितकी घरं होती, तितक्या घरांतल्या बायकांचे हात तिच्या हातातून गेले होते. बाया तोंडावरून तिला कमी ओळखू यायच्या आणि हातावरून जास्त. बाजारात कुणी मागून येऊन डोळे झाकले, की ती बोटं चाचपून म्हणायची, "कोण, तेल्याची बसव्वा ना? अंगठा अजून सुजलेलाच आहे की गं!"

माझा भाऊ कल्लण्णा भट्टीवर काच ओतायचा आणि आम्ही दोघी टोपल्या घेऊन गावोगाव फिरायचो. मला नवऱ्यानं टाकलेलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी भावाच्या दारात येऊन उभी राहिले, तेव्हा भावजय मला भाकरी घालणार की टोमणे, याचीच धास्ती होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आतून एक टोपली आणून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं आलात वन्सं. एकटीनं बोलत चालले की लोक मला वेडी म्हणतात."

मी बरोबर चालायला लागले तरी लोक तिला वेडीच म्हणत राहिले. कारण ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती शिवाशी बोलायची.

हे बोलणं मोठ्या घोषाचं नसायचं. एखादीच्या हाताची हाडं रुंद, बांगडी सांध्यावर अडली, बाई कळवळली, की वहिनी तिच्या मुठीवर तेलाचा हात फिरवत दोन-चार ओळी म्हणायची. त्या ओळी तिला आधी सुचलेल्या नसायच्या. हात हातात आला, की तिथल्या तिथं यायच्या.

"हाडाला म्हणते, थोडं बाजूला हो.
मुठीला म्हणते, थोडी वेडी हो.
शहाण्या हातात काकण शिरत नाही,
शहाण्या मनात तू शिरत नाहीस,
करतळेश्वरा."

बाई ऐकण्यात गुंतायची, हात सैल पडायचा, आणि बांगडी मनगटावर जाऊन बसलेली असायची. मग त्या ओळी बाया जात्यावर म्हणायच्या, लेकींना शिकवायच्या. वर्षभरानं दुसऱ्याच गावी कुणाच्या तरी अंगणात त्या कानावर आल्या, की वहिनी थांबून विचारायची, "छान आहे गं! कुणाचं?" मी चिडून म्हणायची, "तुझंच आहे, वहिनी!" ती हसायची. "माझं कसं? मी तर बांगड्या विकते."

आम्ही तिघांनीही शिवाचं लहानसं लिंग घेतलेलं होतं. कल्याणाकडून आलेल्या एका वृद्ध जंगमांनी, आमच्या फिरत्या गुरूंनी, ते आमच्या गळ्यात बांधलं होतं. रोज सकाळी नदीवर जाऊन ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे बघत बसायचं आणि मग तोंडात घास घालायचा. लिंग अंगावरून सुटलं तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. लिंग हरवलं म्हणून पाणी न घेता प्राण सोडलेली माणसं आम्ही ऐकून होतो.

मीही वहिनीशेजारी बसायची. खरं सांगते, मला भाकरी आठवायची. वहिनी मात्र बसली की गेलीच. पापणीवर माशी बसली तरी पापणी हलत नसे. एकदा एक खंड्या पक्षी तिच्या गुडघ्यावर येऊन बसला, चोचीतला मासा त्यानं तिथंच आपटून खाल्ला आणि उडून गेला. तिला दगड समजला असणार. मला तेव्हा हसू आलं आणि मागोमाग अंगावर काटा आला.

त्या वर्षी ज्वारी कापणीला आली होती. नदीपलीकडच्या टोळीनं कंचिहाळची गुरं हाकून नेली. गावचा प्रमुख एचगौड. त्याचा एकुलता एक मुलगा बिट्टण्णा चार पोरं घेऊन मागे धावला. गुरं परत आली. पहाटे त्यांच्या मागोमाग बिट्टण्णाला घोंगडीत घालून आणलं. गळ्यात बाण रुतलेला होता.

त्याची बायको हरियव्वा. अजून पोरगीच होती. गेल्या सुगीनंतर आम्हीच तिच्या लग्नाचा चुडा भरला होता. घोंगडी उघडली तशी ती त्याच्या अंगावर पडली आणि किंचाळली, "मलाही न्या!"

कुणाचा माणूस मेला की बाई काय काय बोलते! कुणी म्हणते मला विष द्या, कुणी म्हणते आता हे घर जाळा. ते कुणी खरं धरत नाही. पण तिचे हे दोन शब्द अंगणातून चावडीवर गेले, चावडीवरून देवळात गेले आणि परत आले तोवर त्यांचा संकल्प झाला होता. गौडाची सून सती जाणार. गुरांसाठी मेलेला मुलगा आणि त्याच्यामागे आगीत गेलेली सून; घराण्याचं नाव दोन दगडांवर कोरलं जाणार. दिवस मावळायच्या आत चिता पेटवायची ठरली.

आम्ही शेजारच्या वस्तीवर एका ओसरीत बसलो होतो. गौडाचा माणूस भैरा धावत आला.

"जक्कक्का, चला. गौडांनी बोलावलंय. चुडा भरायचाय. कोपरापर्यंत. लाल न् हिरवा."

"कुणाकडे मंगलकार्य निघालं रे?" मी विचारलं.

भैरा माझ्याकडे बघेना. "धाकट्या धनिणीला भरायचाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला आणि मग काय झालं ते त्यानं सांगितलं.

मी वहिनीचं लुगडं धरलं. "नाही जायचं. सांग त्याला, टोपलीत माल नाही म्हणून."

"माल दिसतोय की त्याला."

"मग तुला ताप आलाय म्हण! वहिनी, असला चुडा भरला तर या हातांनी परत कुणाला बांगडी घालू शकशील?"

ती उठली. टोपली उचलून चालू लागली. मी बडबडत मागे, भैरा पुढे. कंचिहाळच्या वेशीबाहेर वडाखाली जुने सतीचे दगड आहेत. प्रत्येक दगडात एक खांब, खांबातून पुढं आलेला बाईचा हात, कोपरात वाकलेला, पंजा उघडा आणि हातभर काकणं. येताजाता गावकरी त्यांवर कुंकू वाहतात. इतकी वर्षं आम्ही त्या वाटेनं गेलो. त्या दिवशी वहिनी एका दगडापाशी थांबली, दगडी काकणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वन्सं, हिलाही कुणीतरी बांगड्या भरल्याच असतील ना?"



गौडाच्या घरी अंगणभर माणसं होती. ढोल आणून ठेवले होते. बिट्टण्णाला बसवून, पागोटं घालून खांबाला टेकवलं होतं. एचगौड त्याच्या पायाशी उभा होता. त्याचं तोंड असं झालं होतं की बघवत नव्हतं. सासूबाई नागव्वा आतल्या खोलीच्या दारात भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून एवढंच म्हणाल्या, "चांगल्या भर हो. चांगल्या दिसू देत."

आत हरियव्वाला लग्नातलं लुगडं नेसवलं होतं. कपाळभर कुंकू होतं. भोवतीच्या बाया तिच्या पाया पडत होत्या, कुणी आपलं तान्हं तिच्या पायावर घालत होतं. ती त्यांच्याकडे बघत होती, पण तिला काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.

"जरा बाहेर व्हा गं बायांनो," वहिनी म्हणाली. "काच फुटली तर अपशकुन होईल. मला उजेड हवा, जागा हवी."

बाया बाहेर गेल्या. वहिनीनं हरियव्वाचा हात हातात घेतला. तो गार होता. ती नेहमीसारखं तेल लावून बोटं चोळू लागली. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. मी टोपलीतून लाल, हिरवी, लाल, हिरवी अशी काढून देत होते.  वहिनीच्या तोंडून ओळ येईना. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

डावा हात निम्मा भरला तेव्हा पोरीनं मान वर केली.

"अक्का," ती अगदी हळू म्हणाली, "ते किती वेळ दुखतं?"

वहिनीचा हात थांबला.

"काय दुखतं, बाळा?"

"आग."

बाहेर कुणीतरी ढोलावर थाप मारून बघत होतं. वहिनीनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या तळहाताकडे. त्या तळहाताकडे ती तशी बघू लागली, जशी रोज सकाळी नदीवर आपल्या तळहाताकडे बघायची. तिचा श्वास मला ऐकू येईनासा झाला. मला वाटलं ही आता इथं बसल्याबसल्या जाणार आणि या भरल्या घरात मी एकटी उरणार.

मग तिनं विचारलं, "तुला जायचंय का?"

"सगळे म्हणतात मी बोलले."

"सगळ्यांचं सोड. तुला जायचंय का?"

पोरीनं मान हलवली. नाही. इतकी कमी हलवली, की मी शेजारी नसते तर मला दिसली नसती.

वहिनीनं दोन्ही हात मानेमागे नेले. ती काय करतेय ते मला कळायच्या आत तिनं गळ्यातला दोरा सोडला होता. आयुष्यात तो दोरा सोडायचा नसतो. मी "वहिनी!" म्हणून ओरडायला गेले आणि दाराबाहेरच्या बायांच्या भीतीनं पदर तोंडाशी धरला. तिनं लिंग कापडातून काढलं, कपाळाला लावलं आणि त्या पोरीच्या डाव्या तळहातावर ठेवलं. आपल्या कपाळाचं भस्म बोटानं पुसून तिच्या कपाळावर लावलं; कुंकवावरून पांढरी रेघ उमटली. मग तिच्या कानाशी वाकून शिवाचं नाव सांगितलं.

"हा बघ तुझा नवरा," वहिनी म्हणाली. "हा लढाईत पडत नाही, तापानं जात नाही, म्हातारा होत नाही. आजपासून तू ह्याची. मूठ मिटू नकोस. लपवू नकोस. हात वर धर आणि माझ्याबरोबर चल."

"अक्का, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. चल."

आम्ही बाहेर आलो. पोरगी मध्ये, वहिनी तिच्या उजवीकडे, मी मागे. डावा हात कोपरात वाकवून तिनं वर धरला होता. मनगटावर अर्धाच चुडा आणि उघड्या तळहातावर ते काळं लिंग. ढोलवाल्यांनी तिला पाहून वाजवायला सुरुवात केली आणि लगेच थांबवलं. पुढची माणसं मागं सरली. एक म्हातारी हात जोडून मटकन खालीच बसली. एवढ्या गर्दीत खुराड्यातल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

एचगौड पुढं आला. "हे काय आहे, कासारणी? तुला चुडा भरायला बोलावलं होतं."

"भरत होते, गौडा. भरता भरता कळलं, की ही विधवा नाही."

"माझा मुलगा समोर मरून पडलाय!" त्याचा आवाज फाटला. "आणि तू म्हणतेस ही विधवा नाही?"

"तुमचा मुलगा शूर होता. गावाची गुरं त्यानं सोडवून आणली. त्याचा दगड उभारा, मी त्याच्या पायाला हात लावीन. पण हिचं लग्न आत्ता आतल्या खोलीत शिवाशी लागलं. नवरा हातात असलेल्या बाईला आगीत कशी घालाल?"

"आम्हाला शिकवतेस? ते लिंग काढून घे तिच्या हातातून."

"दिलेलं मी काढत नाही. तुम्ही काढा."

गौडानं भैराकडे पाहिलं. भैरा दोन पावलं मागं गेला. गौडानं देवळाच्या आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी ओठ चाटले आणि म्हणाले, "तळहातावर घेतलेल्या लिंगाला हात लावणं... मला नाही जमायचं, गौडा."

"मग लिंगासकट जाऊ दे हिला!"

"शिवाला जाळणार?" वहिनीनं विचारलं. ती ओरडली नाही. नेहमी भाव सांगते त्याच आवाजात विचारलं. "रोज सकाळी ज्याला दूध घालता, त्याला?"

एचगौड रोज शिवाच्या देवळात जाणारा माणूस होता. तो तिथंच उभा राहिला. मग पुढं झाला आणि स्वतःच हात उचलला. त्याचा हात पोरीच्या तळहातापासून वितीभर अंतरावर आला. ते लिंग हललंसुद्धा नाही. पोरीचा हात लोखंडासारखा स्थिर होता. इतका वेळ भेदरलेली ती, तिच्या हातात हे बळ कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही.

आणि ती बोलली. "मामंजी, पहाटे मी ओरडले ते रडणं होतं. ते मागणं नव्हतं. मला जगायचंय."

गौडाचा हात तसाच हवेत राहिला. भिंतीशी बसलेल्या नागव्वा उठल्या. त्या चालत आल्या तेव्हा वाटलं, आता सुनेच्या थोबाडीत मारणार. त्यांनी नवऱ्याचा हात धरून खाली केला.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून सगळे मला सांगताहेत माझं भाग्य केवढं मोठं. एका दिवसात मला दोन लेकरं जाळायची नाहीत."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या घरात आज चूल पेटलीय. आपल्या घरात नाही."

गौड ओसरीच्या पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. पहाटेपासून तो रडला नव्हता. कुणीही पुढं गेलं नाही. बऱ्याच वेळानं तोंड पुसून त्यानं निवाडा सांगितला. सुनेनं या घरात राहायचं नाही. कासारणीनं पुन्हा कंचिहाळची वेस ओलांडायची नाही. दिवस मावळायच्या आत दोघींनी निघायचं.

हरियव्वानं नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. ती खूप रडली, जसं माणसानं रडायला हवं तसं. नागव्वांनी एका फडक्यात ज्वारीच्या चार भाकऱ्या बांधून माझ्या हातात कोंबल्या, कुणी बघत नाही असं बघून. आम्ही वडापाशी पोचलो तेव्हा मागं धूर दिसला. तो एकाच माणसाचा होता.

मला वाटलं होतं, संकट टळलं. नदीकाठी आलो, वहिनीनं ते लिंग कापडात घालून पोरीच्या गळ्यात बांधलं, मी तिला पाणी पाजलं, भाकरी मोडून दिली. एक तुकडा वहिनीपुढं धरला तर तिनं हात आडवा केला.

"माझ्या गळ्यात लिंग नाही, वन्सं."

त्याचा अर्थ तोवर माझ्या लक्षातच आला नव्हता. मी तिथंच बसकण मारली.

"मग हिच्याकडून परत घे! आता कोण बघतंय? तिला आपण दुसरं आणून देऊ."

हरियव्वा लगबगीनं गळ्याला हात लावू लागली. "घ्या अक्का, तुमचंच आहे."

"खबरदार," वहिनी म्हणाली. "तू माझ्यावर उपकार करायला गेलीस आणि विधवा होऊन बसलीस, तर मी परत कुठून चुडा आणू?" आणि स्वतःच हसली. मला हसू येईना. मी तिला नाही नाही ते बोलले. माझ्या भावाचा संसार, भट्टी, घर, कुणाचा विचार केला नाहीस म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तोंड दुखेल तुमचं," म्हणाली आणि काठावरच्या करंजाखाली जाऊन बसली.

मी कल्लण्णाला निरोप पाठवला. तो आला, बायकोशेजारी बसला आणि मग उठून जंगमांच्या शोधात निघाला. ते मठात नव्हते, वरच्या गावांत फिरत होते. वहिनी करंजाखालून उठली नाही. घास नाही, पाणी नाही. ऊन कडक होतं. ओठांना भेगा पडल्या. आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया कळल्यावर येऊ लागल्या. जिनं त्यांचे हात भरले होते, तिचे हात धरून त्या बसायच्या आणि उठून जाताना पदरात तोंड लपवायच्या. एका बाईनं रागानं हरियव्वाला म्हटलंही, "तू जगलीस, पण हिला खाल्लंस."  पोरगी दिवसभर वहिनीच्या अंगावर पदरानं सावली धरून उभी राहायची.

आणि एका सकाळी मी ते बघितलं.

उन्हं नुकतीच पाण्यावर आली होती. वहिनी रोजच्यासारखी ताठ बसली होती. डावा तळहात समोर धरला होता, रिकामा. त्या रिकाम्या तळहातावर तिनं थोडं नदीचं पाणी घातलं, एक बेलाचं पान ठेवलं आणि ती त्याकडे बघू लागली. मला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते कसं सांगू? उपाशी माणसाचं तोंड नव्हतं ते. एखाद्या घरात आत दिवा लागावा आणि भिंतींच्या फटींतून तो दिसावा, तसं होतं. मी तिच्या तळहाताकडे पाहिलं आणि मला तो रिकामा वाटेना. तिथं काय होतं ते मला दिसलं नाही. पण काहीही नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. माझ्या शेजारी हरियव्वा गुडघ्यांवर बसली होती. त्या सकाळी मला भाकरी आठवली नाही.

वहिनी हळूच बोलली. घसा कोरडा, शब्द खरखरत येत होते.

"इतकी वर्षं तुला हातात धरलं
आणि समजले, तू एवढाच.
देऊन टाकलं तेव्हा कळलं,
हात तुझ्यात होता.
आता मूठ मिटू कुठं,
करतळेश्वरा?"

मागं कुणाची तरी चाहूल लागली. कल्लण्णा जंगमांना घेऊन पोचला होता. म्हातारे जंगम काठी टेकत उभे होते. त्यांनीही तो तळहात पाहिला होता. रागावतील म्हणून मी पुढं झाले. त्यांनी काठी बाजूला टाकली आणि ज्या बाईला स्वतः लिंग दिलं होतं, तिच्यापुढं ते जमिनीवर आडवे पडले.

उठून बसल्यावर त्यांनी झोळीतून नवं लिंग काढलं. म्हणाले, "आणलंय खरं. पण तुला ह्याची गरज उरलीय का गं, जक्कव्वा?"

"माझं मला माहीत नाही, स्वामी," ती म्हणाली. "पण ह्या पोरीला गरज आहे."

"तिला तर तू दिलंस."

"दिलं म्हणूनच. घेतलेल्याच्या ओझ्यानं ती वाकून गेलीय. उभ्या उभ्या सावली धरते, बसत नाही, झोपत नाही. तिला द्यायला मिळू दे. ते तिच्या हातून मला बांधा."

 जंगमांनी ते लिंग हरियव्वाच्या हातात दिलं.

पोरगी घाबरून मागं सरली. "मी? मला काय येतं, स्वामी? मला मंत्र मिळून किती दिवस झाले?"

"कानात काय सांगितलं होतं ते आठवतं ना?"

"आठवतं."

"तेवढंच येतं सगळ्यांना. सांग तिला."

हरियव्वानं नदीत हात धुतले. वहिनीच्या कपाळाला भस्म लावलं. तळहातावर लिंग ठेवलं, कानाशी वाकली आणि सांगितलं. मग दोरा बांधायला लागली तर तिच्या बोटांना गाठ बसेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनी म्हणाली, "हळू, बाई. सांध्यावर अडलंय का? हात सैल सोड." पोरगी रडता रडता हसली आणि गाठ बसली. मग माझ्या वहिनीनं, जिच्या ओळी दहा गावं म्हणत होती, त्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला गुरू म्हणाली.

कल्लण्णानं तिला पाणी दिलं. पहिला घोट तिनं तोंडात नुसता धरून ठेवला. मी रडत होते, ओरडत होते, "गिळ ना गं आता!"

हरियव्वा आमच्याकडेच राहिली. ती चांगली कासारीण झाली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. ज्या घरी नुकता माणूस गेलेला असेल, तिथं ती आणि वहिनी मागच्या दारानं जायच्या आणि बाईचा हात हातात घेऊन बसायच्या. काहींच्या घरच्यांनी हाकललं, एकदा दगडही मारले. काही बायांनी मात्र हात पुढं केला. कुणी बांगडी भरून घेतली, कुणी नुसता धरून ठेवला.

कल्लण्णा गेल्यावर काही वर्षांनी वहिनी एका सकाळी म्हणाली, "वन्सं, मी श्रीशैलाकडे जाऊन येते." टोपली घेतली नाही. मी भाकरी बांधून दिली, तीही अर्धी वेशीवरच्या कुत्र्याला घातली. त्या बाजूनं येणाऱ्या जंगमांना आम्ही अजून विचारतो. कुणी म्हणतं, डोंगरात एका बाईला बघितलं, हात समोर धरून बसलेली. कुणी म्हणतं, तिथं कुणीच नाही, एका खडकावर रोज ताजं बेलाचं पान तेवढं असतं. हरियव्वा म्हणते, "दोन्ही खरं असेल, आत्या." मी कोण नाही म्हणणार?